मुक्या चित्राचा ‘धप्प’

बोईसरजवळच्या कुंभवलीच्या माणसाला हायटेन्शनचे टॉवर नवे नाहीत. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. वीज वाहून नेणाऱ्या तारा बोईसर परिसरात डोक्यावरून गेलेल्या दिसतातच. आता असेच तीन टॉवर दोरीउड्या खेळताहेत असे समजा. कडेचे दोघे तार फिरवतात, मधला उडी मारतो आणि तो खाली टेकला की अख्खे चित्र हादरते. ही छोटी मूक फीत डिसेंबर २०१७ मध्ये ग्लासगोच्या संशोधक लिसा डब्रुइन यांनी ट्विटरवर टाकली आणि विचारले, काही ऐकू येते का? लाखोंनी कौल दिला. बहुतेकांना ‘धप्प’ ऐकू आले होते!

एवढे अवजड धूड आपटले की आवाज होणार, हे मेंदूला अनुभवाने ठाऊक असते. चित्राचा हादरा त्यात भर घालतो. पण ‘ऐकू येते का’ असे विचारल्यावर काहींना उगाचच येते, त्यामुळे नुसत्या कौलावर मी विसंबणार नाही. नसलेला आवाज कुणाला खरोखर ऐकू येतो, हे सिद्ध कसे करायचे?

त्याची युक्ती अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेत आधीच निघाली होती. पडद्यावर सरकणारे ठिपके पाहून तिथल्या एका विद्यार्थ्याने विचारले होते, याचा आवाज आणखी कुणाला येतोय का? मेलिसा साएन्झ आणि क्रिस्टोफ कोख यांना असे चौघे सापडले. त्यांना प्रकाशाच्या लुकलुकीचे दोन ताल दाखवून विचारले: दोन्ही सारखे की वेगळे? ताल धरण्यात कान डोळ्यांपेक्षा कितीतरी तरबेज असतात. त्यामुळे नुसते पाहणाऱ्यांची उत्तरे जवळपास अंदाजपंचे ठरली. या चौघांची मात्र पुष्कळ बरोबर आली, कारण ते ताल ऐकत होते. हे संशोधन २००८ चे.

पुढे लंडनच्या इलियट फ्रीमन यांच्या गटाने चार हजारांहून अधिक लोकांना मूक फिती दाखवल्या. साधारण पाचातल्या एकाला त्यांत आवाज जाणवला. डोक्याला सौम्य वीजप्रवाह देऊन त्यांनी असेही पाहिले, की एरवी मेंदूतले पाहण्याचे आणि ऐकण्याचे भाग एकमेकांना दाबतात. आवाज जाणवणाऱ्या लोकांत ती चढाओढ दिसत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्यांत असे लोक अधिक आढळले. वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात पाहायचा आणि त्याच क्षणी सूरही ऐकायचा, ही सवय त्यामागे असावी, असा त्यांचा कयास. गायकाच्या हाताकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या तबलजींवरही हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.