भिंतीतला पीळ

इंदिरानगर असो की पाथर्डी फाटा, नाशिकच्या रो हाउसची मांडणी बहुधा ठरलेली असते. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर बेडरूम, मध्ये स्लॅब. फायबर येऊन थांबतो खालच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. ऑफिसची मीटिंग आणि मुलांचा क्लास चालतो वरच्या खोलीत. प्लॅन 300 एमबीपीएसचा घेतला काय किंवा 500 चा, वर पोहोचेपर्यंत त्यातला बराचसा स्लॅबच खातो. काँक्रीट रेडिओलहरी शोषतं आणि आतल्या सळ्यांची जाळी त्या परतवते. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाडजूड भिंतींपुढेही वायफायचं काही चालत नाही. अशा वेळी लोक आणखी महाग राउटर आणतात. खरं तर खोलीतून खोलीत एक केबल ओढली आणि दोन्ही टोकांना भिंतीत जॅक बसवले, की प्रश्न मिटतो.

ही केबल सोलून बघावी. आत आठ तारा, चार जोड्या आणि प्रत्येक जोडीला पीळ. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे, परतीचा मार्ग जमिनीतून. शेजारच्या तारायंत्राची टकटक त्यात सर्रास ऐकू येई. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1881 मध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याचं पेटंट घेतलं. जोडीतल्या दोन तारांवर संदेश उलटसुलट पाठवला जातो आणि पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं. मिक्सरचा किंवा मोटरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडला, तर वजाबाकीत तो उडून जातो. तारा नुसत्या समांतर असत्या, तर जवळच्या तारेवर तो जास्त पडला असता. पिळामुळे दोघी आळीपाळीने जवळ येतात. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, म्हणजे त्या एकमेकींचं बोलणं उचलत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ गेला तर तार शाबूत असून उपयोग नाही.

म्हणून जॅकमध्ये तारा बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नसतो. तारांवरचं प्लास्टिकही सोलायचं नाही. तार खाचेत ठेवून पंचिंग टूलने दाबली, की खाचेतली दोन पाती आवरण कापून थेट तांब्याला घट्ट धरतात. तार नुसती भिंतीबाहेर काढून प्लग का लावू नये? भिंतीतल्या केबलची तार एकसंध, भरीव असते आणि सारखी वाकवली तर तुटते. ती जॅकपाशी स्थिर राहते. हलायचं काम बारीक तारांच्या लवचिक पॅच कॉर्डने करायचं.

घर बांधून झालेलं असेल तर झिरी मारण्याआधी टेलिफोनचा जुना बॉक्स उघडून पाहावा. पूर्वीच्या अनेक फ्लॅटमध्ये फोनसाठी वेगळा पाइप टाकलेला असतो. त्यातली निकामी वायर हलत असेल, तर तिच्याच टोकाला नवी केबल बांधून पलीकडून ओढता येते. वायर प्लास्टरमध्ये थेट पुरली असेल तर ती हलणार नाही. मग भिंतीवरून केसिंग पट्टी. विजेच्या वायरच्या पाइपातून मात्र ही केबल कधीही नेऊ नये. 230 व्होल्टच्या वायरचं आवरण खराब झालं, तर तो करंट थेट जॅकपर्यंत येऊ शकतो. समांतर जायचंच असेल तर वीतभर अंतर ठेवावं.

स्वस्त केबलचं टोक ब्लेडने खरवडून बघावं. आत पांढुरकी चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, शिवाय ती लवकर तुटते. आणि तुटण्याची शिक्षा मोठी आहे. गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, प्रत्येकीवर 250 एमबीपीएस, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. 100 एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात. त्यामुळे आठांतली एक तार सुटली तरी नेट बंद पडतंच असं नाही. पुष्कळदा ते गुपचूप 100 वर उतरतं आणि आपण कंपनीला फोन लावतो.

सगळ्यात फसवी चूक टापटिपीच्या माणसाकडून होते. तो जोड्या ओळीने लावतो, 1-2, 3-4, 5-6, 7-8. प्रत्यक्षात दुसरी जोडी 3 आणि 6 वर हवी, कारण मधल्या 4-5 या जागा टेलिफोनच्या काळापासून एका जोडीसाठी राखलेल्या आहेत. दोन्ही टोकांना ओळीनेच लावलं तर टेस्टरचे आठही दिवे नेमाने लागतात, कारण तो फक्त तार पोहोचली का एवढंच बघतो. पण 3 आणि 6 वर आता वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा आहेत, त्यांना एकमेकींचा पीळच नाही. म्हणून जॅकवर छापलेल्या रंगांप्रमाणेच जावं, आणि दिवे लागले तरी एखादी मोठी फाइल या खोलीतून त्या खोलीत पाठवून पाहिल्याशिवाय इलेक्ट्रिशियनला सोडू नये.