दोन शर्करांपुढचा जिवाणू : पाऊण शतकाच्या संशोधनाचा मागोवा

एकाच माध्यमात दोन प्रकारच्या शर्करा असतील तर जिवाणू त्या एकत्र वापरतो की एकीमागून एक, या प्रश्नाला पद्धतशीर प्रायोगिक रूप दिले ते झाक मोनो यांनी, आणि तेही १९४० च्या सुमारास, जर्मन ताब्यातील पॅरिसमध्ये सोरबोन येथे प्रबंधाचे काम करत असताना. ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल यांच्या मिश्रणात ई. कोलाय हा आतड्यातील जिवाणू वाढवला असता त्याची वाढ प्रथम वेगाने होई, मग काही काळ जवळजवळ थांबे आणि नंतर वेगळ्या गतीने पुन्हा सुरू होई. मिश्रणातील ग्लुकोज वाढवले की पहिल्या टप्प्यातील वाढही त्याच प्रमाणात जास्त होत असल्यामुळे, या टप्प्यात केवळ ग्लुकोजच खर्च होते, असा निष्कर्ष त्यांना काढता आला. दोन टप्प्यांच्या या वाढीला त्यांनी ‘डायॉक्सी’ असे नाव दिले.

डिसेंबर १९४० मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आंद्रे ल्वॉफ यांना हे निष्कर्ष दाखवले असता, याचा संबंध विकरांच्या अनुकूलनाशी, म्हणजे एखादा पदार्थ समोर आल्यावरच तो पचवणारे विकर पेशीत तयार होण्याशी असू शकेल, असे त्यांनी सुचवले. या सूचनेने पुढच्या दोन दशकांच्या संशोधनाला दिशा मिळाली. १९६१ मध्ये मोनो आणि फ्रांस्वा झाकोब यांनी ओपेरॉनची, म्हणजे एकाच नियंत्रणाखाली एकत्र चालू किंवा बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाची संकल्पना मांडली आणि १९६५ मध्ये ल्वॉफ यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्लुकोज असताना इतर शर्करांची विकरे का तयार होत नाहीत, याचे उत्तर मात्र बराच काळ अर्धवटच राहिले. १९६५ मध्ये ई. कोलायमध्ये सायक्लिक एएमपी हा लहान रेणू आढळला आणि ग्लुकोजच्या सान्निध्यात त्याचे प्रमाण घटते, असे दिसून आले. हा रेणू एका प्रथिनाशी जोडला गेला की लॅक्टोज पचवणारी जनुके जोमाने काम करू लागतात हेही पुढे सिद्ध झाल्याने, ग्लुकोज आले की सायक्लिक एएमपी घटते व लॅक्टोजची जनुके मंदावतात, ही साखळी पाठ्यपुस्तकांत रुजली. तिला धक्का दिला तो १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी. ग्लुकोजवर आणि लॅक्टोजवर वाढणाऱ्या पेशींत सायक्लिक एएमपीचे प्रमाण फारसे वेगळे नसते, आणि ग्लुकोज आत घेणाऱ्या यंत्रणेतील एक प्रथिन लॅक्टोजचे प्रवेशद्वारच अडवून धरते हे डायॉक्सीचे मुख्य कारण आहे, असे त्यांनी दाखवले. नियंत्रण जनुकापाशी शोधले जात असताना त्याचा मोठा भाग पेशीच्या पटलापाशी होता, ही या इतिहासातील सर्वांत बोधक घटना म्हणावी लागेल.

दरम्यान, रसायन अभियंत्यांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने हाती घेतला होता. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून पदवी घेतलेले दोराईस्वामी रामकृष्ण यांनी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९८० च्या दशकात सहकाऱ्यांसह ‘सायबरनेटिक’ प्रतिमान विकसित केले. पेशीजवळची विकर-निर्मितीची साधनसामग्री मर्यादित असते आणि ती वाढीला सर्वाधिक लाभ होईल अशा रीतीने वाटली जाते, असे गृहीत धरून, प्रत्येक शर्करेवर स्वतंत्रपणे मोजलेल्या वाढीवरून मिश्रणातील वाढीचे भाकीत करण्याचा हा प्रयत्न होता. रेणूंचा तपशील बाजूला ठेवूनही ते बऱ्याच अंशी जुळले, हे त्याचे खरे मोल.

मात्र मोनोंचा आलेख इतका रेखीव होता की, तो विपुलतेच्या परिस्थितीतील आलेख आहे, याकडे सहज दुर्लक्ष झाले. माती, नदी, सांडपाणी यांत शर्करा ग्रॅमांनी नव्हे, तर अत्यल्प प्रमाणात असतात. त्या परिस्थितीचे अनुकरण केमोस्टॅटमध्ये करता येते, म्हणजे ताजे माध्यम थेंबाथेंबाने आत येत राहते आणि तेवढेच बाहेर जाते अशा पात्रात. तेथे स्वित्झर्लंडमधील थॉमस एग्ली आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत ई. कोलायने सहा शर्करा एकाच वेळी वापरल्या, आणि मिश्रणात प्रत्येक शर्करेची शिल्लक ती एकटी असतानाच्या शिल्लकेपेक्षा कमी राहिली. उपासमारीत जिवाणू निवड करत बसत नाही, हे ज्ञान निसर्गातील कार्बनचक्र समजून घेण्यासाठी डायॉक्सीइतकेच महत्त्वाचे आहे. पाठ्यपुस्तकांत त्याला मिळणारी जागा मात्र अजून फारच तोकडी आहे.

ग्लुकोजला अग्रक्रम हाही सार्वत्रिक नियम नाही. स्यूडोमोनास प्रजातीतील अनेक जिवाणू ग्लुकोजपूर्वी सक्सिनेटसारखी सेंद्रिय आम्ले वापरतात. आयआयटी मुंबईतील प्रशांत फळे व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्यूडोमोनास पुटिडा सीएसव्ही८६ हा जिवाणू ग्लुकोज उपलब्ध असतानाही नॅफ्थलीनसारखी अरोमॅटिक संयुगे आधी संपवतो आणि सेंद्रिय आम्ले त्यांच्या बरोबरीने वापरतो, असे आढळले. प्रदूषित मातीत सोपे अन्न मिळताच नेहमीचे जिवाणू विषारी संयुगांकडे पाठ फिरवतात, ही जैविक शुद्धीकरणातील जुनी अडचण असल्याने, असा उलटा क्रम पाळणारा जिवाणू त्या कामी विशेष उपयोगाचा ठरतो.