डायलिसिस, रक्त पातळ करणारी गोळी आणि घरची दक्षता

पालम, सोनपेठ किंवा जिंतूरकडच्या खेड्यातून डायलिसिससाठी परभणी गाठायची म्हणजे दोघांची मजुरी बुडते. एक रुग्णाची, दुसरी सोबत जाणाऱ्याची. एवढे करून रुग्ण घरी येतो आणि रात्री नाकातून नाही तर हिरड्यांतून रक्त वाहू लागते. मार लागला नाही, पडला नाही, मग रक्त आले कुठून? घरचे गांगरून जातात. म्हणून याची कारणे सांगणे आम्हांस गरजेचे वाटते.

किडनी निकामी झाली की रक्तात युरियासारखा कचरा साचतो. त्यामुळे रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशी नीट काम करीत नाहीत. डायलिसिसच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात; त्याचा असर काही तास राहतो. शिवाय हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, तर वॉरफेरिनसारखी गोळी रोज चालू असते. हेच वॉरफेरिन १९४८ च्या सुमारास उंदीर मारायला वापरात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले. बेताने घेतले तर ते जीव वाचवते, प्रमाण वाढले तर जीवावर उठते. ही कारणे एकत्र आली की मार न लागताही पोटात, कमरेच्या स्नायूंत, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो.

म्हणून रक्ताची 'आयएनआर' तपासणी चुकवू नये. बहुतेकांचा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. काही झडपांना थोडा जास्त लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवावा.

काळी डांबरासारखी शौच, अंगावर निळे डाग, पोटात, पाठीत वा मांडीत अचानक कळ, घेरी, जोराची डोकेदुखी व उलटी, बोबडी वळणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते. पण अंदाज बांधत बसू नये. १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा.

हाताच्या फिस्टुलातून रक्त आले तर नेमक्या त्याच जागी स्वच्छ कापड ठेवून बोटांनी घट्ट दाबावे आणि हात उंच धरावा. हळद, चुना भरू नये. घडीघडी उघडून पाहू नये. रक्त थांबत नसेल तर दाब न सोडता दवाखान्यात न्यावे.

अंगदुखीसाठी दुकानातून गोळी आणू नये. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढतो. गावात कमरेत सुई टोचून घेण्याआधी 'रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे' असे सांगावे, कारण सुईच्या जागी आत रक्त साकळते. मात्र भिऊन गोळी आपल्या मनाने बंद करू नये. झडपेवर गाठ होऊन अर्धांगवायू होऊ शकतो.

डायलिसिसच्या प्रत्येक खेपेला आधी झालेला रक्तस्राव तिथल्या माणसांना सांगावा. गरज पडल्यास हेपॅरिन कमी करून किंवा न देताही डायलिसिस करता येते. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

गोळीचे नाव, मात्रा आणि शेवटचा आयएनआर एका चिठ्ठीवर लिहून रुग्णाच्या खिशात ठेवा. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे द्या. अडीअडचणीला हीच चिठ्ठी डॉक्टरांच्या उपयोगी पडेल.