सेकंड ओनर

पेरणी तोंडावर आली की आमच्या शिरूर अनंतपाळात निलंगा रस्त्याकडेची गॅरेजं रात्री उशिरापर्यंत चालू असतात. वर्षभर ज्या ट्रॅक्टरकडे मालकानं ढुंकून बघितलेलं नसतं, त्याला मृगाच्या आधी आठ दिवस ताप चढतो. परवा असाच एक जुना ट्रॅक्टर मधोमध फोडून ठेवला होता. इंजिन, रेडिएटर आणि पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर, आणि गिअरबॉक्ससकट मागची मोठी चाकं चार हात लांब. मधल्या जागेत पोत्यावर बसून मिस्त्री क्लच प्लेट नखानं खरवडून बघत होते. प्लेट पार गुळगुळीत झाली होती, रिव्हेटं वर आली होती.

पहिल्यांदा बघणारा विचारतोच, याची चासी कुठं गेली? ती नसतेच. इंजिनाचं ओतीव धड, त्याला बोल्टनं आवळलेलं क्लच हौसिंग, त्यामागं गिअरबॉक्स, मग डिफरन्शियल. हाच ट्रॅक्टरचा कणा. म्हणून एवढीशी प्लेट बदलायची तरी अख्खं जनावर मधून तोडावं लागतं.

शर्यतीच्या मोटारींचं वेड असलेल्या माणसाला हे दृश्य पाहून एकच इंजिन आठवतं, कॉसवर्थ डीएफव्ही. माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोघांच्या नावांचे तुकडे जोडून कॉसवर्थ हे नाव झालं. फोर्डनं एक लाख पौंड दिले आणि डकवर्थनं तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्हचं इंजिन आखलं. ४ जून १९६७ रोजी हॉलंडच्या झांडव्होर्टला ते लोटस ४९ या गाडीत पहिल्यांदा उतरलं आणि जिम क्लार्कनं ती पहिलीच शर्यत जिंकली. सुरुवातीची ताकद साधारण चारशे अश्वशक्ती. पण आमच्या गॅरेजात सांगण्याजोगी गोष्ट ताकदीची नाही. त्या गाडीची चौकट ड्रायव्हरच्या पाठीशी संपत होती. तिथून मागं इंजिनच कणा. ते चौकटीला बोल्टनं आवळायचं, त्याच्या मागं गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांचा सगळा भार या दोघांवर. इंजिन उतरवायचं म्हणजे गाडीचे दोन भाग करायचे. ग्रां प्रीच्या पिटमधले मेकॅनिक आणि आमचे मिस्त्री एकाच पद्धतीनं गाडी फोडतात.

दुसऱ्या वर्षापासून हे इंजिन विकायला निघालं, साडेसात हजार पौंडाला एक. इथं खेळ बदलला. फेरारीला स्वतःचं इंजिन स्वतः ओतावं लागायचं. बाकीच्यांनी मात्र डीएफव्ही आणावं, ह्यूलँडचा गिअरबॉक्स आणावा, ॲल्युमिनियमची चौकट स्वतःच्या शेडमध्ये ठोकावी आणि जगज्जेतेपदाच्या शर्यतीला नाव द्यावं. १९६७ ते १९८३ या काळात या इंजिनानं १५५ ग्रां प्री जिंकल्या. पण त्याचा दुसरा परिणाम फारसा कुणी सांगत नाही. सगळ्यांच्या गाड्यांचं काळीज एकच असल्यानं जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळू लागलं. मोठा संघ दरवर्षी नवं मॉडेल काढी, मागच्या वर्षीची गाडी दाराशी पडून राही. तिचे सुटे भाग बाजारात मिळत आणि इंजिन बांधून देणारे कारागीर इंग्लंडात जागोजाग होते. आरसी बुकात 'सेकंड ओनर' लिहिलेली फॉर्म्युला वन गाडी अशी जन्माला आली.

या गाड्यांना धावायला मैदान दिलं जॉन वेब या माणसानं. लंडनजवळच्या ब्रँड्स हॅचसह इंग्लंडातल्या अनेक ट्रॅकचा कारभार त्याच्या हाती होता. जागतिक स्पर्धेची शर्यत वर्षातून एकदाच इंग्लंडात यायची, उरलेले रविवार तिकीट खिडकी रिकामी. १९७६ मध्ये त्यानं शेलस्पोर्ट नावाची मालिका खुली केली. तिच्यात फॉर्म्युला वन, पाच हजार सीसीवाल्या, धाकट्या फॉर्म्युला टू, जे येईल ते धावायचं. १९७८ पासून तिचं रीतसर ब्रिटिश फॉर्म्युला वन अजिंक्यपद झालं आणि नाव पडलं ऑरोरा एएफएक्स. ऑरोरा ही खेळण्यातल्या, खाचेतून पळणाऱ्या विजेच्या मोटारी करणारी कंपनी. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पळणाऱ्या गाड्यांच्या पैशावर खऱ्या गाड्या धावू लागल्या, आणि हे कुणाला विचित्र वाटलं नाही.

मालिकेचे ट्रॅक म्हणजे ओल्टन पार्क, मॅलरी पार्क, थ्रक्स्टन, स्नेटरटन, डॉनिंग्टन. अधूनमधून समुद्र ओलांडून झांडव्होर्ट, झोल्डर, पुढं मोंझासुद्धा. मॅलरी पार्कची एक फेरी जेमतेम सव्वादोन किलोमीटरची. जगज्जेत्यासाठी बांधलेली गाडी त्या एवढ्याशा तळ्याकाठच्या ट्रॅकवर म्हणजे अंगणात सोडलेला खोंड. सगळ्या गाड्या फॉर्म्युला वनच्या असत असंही नाही. रांग भरायला फॉर्म्युला टूच्या गाड्या लागायच्या. नाव राजाचं, पंगत गावजेवणाची.

ऑरोराच्या पहिल्या वर्षीचा विजेता टोनी ट्रिमर. या मालिकेचा खरा माणूस कोण असं विचारलं तर मी त्याचंच नाव घेईन. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींना त्यानं अनेकदा नाव दिलं, पण मागच्या रांगेतली जागासुद्धा मिळाली नाही. सराव फेरीतच वेळ कमी पडायचा आणि शनिवारी संध्याकाळी गाडी ट्रकात चढायची. एकही ग्रां प्री न धावलेला हा माणूस १९७७ मध्ये शेलस्पोर्ट जिंकला आणि १९७८ मध्ये ब्रिटनचा फॉर्म्युला वन विजेता झाला. १९७८ ची गाडी होती मॅकलॅरन एम २३. १९७३ सालचं हे मॉडेल. याच मॉडेलवर एमर्सन फिट्टिपाल्डी १९७४ मध्ये आणि जेम्स हंट १९७६ मध्ये जगज्जेते झाले होते. ट्रिमरच्या हाती ते आलं तेव्हा मोठ्या संघांच्या लेखी भंगार होतं.

मार्च १९७८ मध्ये सिल्व्हरस्टोनला इंटरनॅशनल ट्रॉफी नावाची शर्यत झाली. ती अजिंक्यपदाच्या गुणांत धरली जात नसली तरी मोठे संघ आले होते. पाऊस असा की पुढची गाडी दिसेना. नवी कोरी यंत्रं एकामागून एक घसरून गवतात गेली. पहिला आला केके रोसबर्ग, दुसरा फिट्टिपाल्डी आणि तिसरा, जुन्या एम २३ मधला ट्रिमर. पावसात ट्रॅकवर टिकायला गाडीच्या वयापेक्षा माणसाचा हात लागतो. चिखलात ट्रॅक्टर घातलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

नंतरच्या वर्षी ॲरोज गाडीवर रूपर्ट कीगन जिंकला, १९८० मध्ये विल्यम्स एफडब्ल्यू ०७ वर स्पेनचा एमिलियो दे विलोटा. रांगेत बरीच नामवंत मंडळी दिसायची. मोटारसायकलची १५ जगज्जेतेपदं खिशात असलेला इटलीचा जाकोमो अगोस्तिनी इथं जुन्या विल्यम्सवर चार चाकं शिकत होता. १९७६ मध्ये न्यूरबुर्गरिंगला जळत्या गाडीतून निकी लाउडाला ओढून काढणाऱ्यांपैकी गाय एडवर्ड्स इथला नेहमीचा.

आणि देझिरे विल्सन. ही दक्षिण आफ्रिकेची. ७ एप्रिल १९८०, ईस्टरचा सोमवार, ब्रँड्स हॅच. तिच्या हाती वुल्फ डब्ल्यूआर ४, म्हणजे १९७७ मध्ये तिच्याच देशाच्या जोडी शेक्टरनं ज्या घराण्याच्या गाडीवर पदार्पणातच अर्जेंटिनाची ग्रां प्री मारली, त्यातली धाकटी बहीण. ती शर्यत देझिरेनं जिंकली. कोणत्याही दर्जाची फॉर्म्युला वन शर्यत जिंकणारी ती आजवरची एकमेव बाई. त्याच वर्षी त्याच ट्रॅकवर जागतिक अजिंक्यपदाची ब्रिटिश ग्रां प्री होती. तिथं तिला पात्रता मिळाली नाही. थोरल्या घरानं दार लावलं, धाकट्या घरानं ताट वाढलं, असं या मालिकेबाबत पुन्हा पुन्हा झालं.

देशातल्या देशात फॉर्म्युला वन भरवायची कल्पना वेबच्याही आधीची. दक्षिण आफ्रिकेत १९६० पासून स्वतःचं फॉर्म्युला वन अजिंक्यपद होतं. १९६४ ते ६९ सलग सहा वर्षं बुलावायोचा जॉन लव्ह, त्यापुढं १९७५ पर्यंत सलग सहा वर्षं डेव्ह चार्लटन. या लव्हनं २ जानेवारी १९६७ रोजी क्यालामीला जगाची झोप उडवली होती. जुनाट कूपर, तिच्यात चार सिलिंडरचं २.७ लिटरचं क्लायमॅक्स इंजिन, समोर कारखान्यांचे संघ. त्यांच्या गाड्या उन्हात एकेक करून बसत गेल्या आणि लव्ह आघाडीवर आला. सात-आठ फेऱ्या उरल्या होत्या. पेट्रोल पुरेल का याचा भरवसा नव्हता, म्हणून तो पिटमध्ये वळला. तेवढ्यात पेद्रो रॉद्रिगेझ पुढं निघाला. लव्ह दुसरा. डबाभर पेट्रोलासाठी गेलेली ही ग्रां प्री मला जिंकलेल्या कित्येक शर्यतींपेक्षा मोठी वाटते.

ऑरोरा बुडाली कशानं? प्रायोजक १९८० नंतर निघून गेला, १९८१ मध्ये मालिकाच झाली नाही. १९८२ मध्ये पुन्हा जुळवाजुळव केली, एन्साइन गाडीवर जिम क्रॉफर्ड जिंकला, पण रांगेतल्या फॉर्म्युला वन गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. पैसा हे वरचं कारण. आतलं कारण यंत्रात होतं. लोटस ७८ आणि ७९ नं गाडीच्या पोटाखालची हवा खेचून ती जमिनीला चिकटवायची युक्ती काढली. तिच्यासाठी दोन्ही बाजूंना जमिनीला घासणाऱ्या सरकत्या पट्ट्या लागत, त्या अडकल्या की भर वळणावर पकड सुटायची. मग कार्बन फायबरची चौकट आली, जी ठोकून सरळ करता येत नाही. रेनॉ, फेरारी, बीएमडब्ल्यूची टर्बो इंजिनं आली, जी पेढीवर विकत मिळत नव्हती. त्या गाड्या जुन्या झाल्या तरी नेणार कोण? कारखान्याची माणसं सोबत आल्याशिवाय त्या चालूच होत नव्हत्या. ज्या गाडीचं इंजिन तिऱ्हाईत कारागिराला बांधता येत नाही, तिला दुसरा मालक मिळत नाही.

आपल्याकडं चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथं विजय मल्ल्यांनी ऐंशीच्या दशकात एन्साइनचीच जुनी फॉर्म्युला वन गाडी उतरवली होती. बाकीच्यांना ते परवडणारं नव्हतं. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन एका माणसाच्या उघड्या गाडीत बसवून फॉर्म्युला मारुती उभी केली आणि पुष्कळ मुलांना वळणं शिकायची सोय झाली. १९९५ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले. त्यांच्या नावाच्या ट्रॅकवर पुढं राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी फॉर्म्युला बीएमडब्ल्यूच्या वापरलेल्या गाड्या धावल्या. मॉडेल तेच, ज्यावर सेबास्टियन फेटलनं २००४ मध्ये जर्मनीत २० पैकी १८ शर्यती मारल्या होत्या. म्हणजे सेकंड ओनरची परंपरा आपल्याकडंही आली, धाकट्या गाड्यांच्या रूपानं.

मिस्त्रींना मी मोबाइलवर एम २३ चा फोटो दाखवला. मागचं झाकण काढलेलं, आठ सिलिंडर उघडे, दोन्हीकडून एक्झॉस्टच्या नळ्या शेवयांसारख्या वळलेल्या. त्यांनी हात पायजम्याला पुसले, फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"ह्याला बी चासी न्हाई की, सर."

"नाही. इंजिनलाच सगळं टांगलंय."

"मग क्लचला आसंच फोडत आसतेल." फोटो अजून मोठा केला. "नव्या ट्रॅक्टरपेक्षा बरं हाय. त्याला कंपनीचा लॅपटॉप लावल्याबिगर दिवाच जात न्हाई. अ‍ॅव्हरेज किती देतंय ह्ये?"

"लिटरला दीड-दोन किलोमीटर."

त्यांनी मोबाइल परत दिला. नवी प्लेट बसवून झाली होती. आता मागचं धड दोघांनी ढकलत पुढं आणलं, गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटच्या भोकाशी आला आणि तिथंच अडला. दाते जुळत नव्हते. चार बोटं फट राहिली. घणानं ठोकावं असं वाटणारी ही जागा, पण ठोकलं की प्लेट वाकते.

"मागून पीटीओ फिरव रे. हळू. गिअरात टाकलायस का? मग फिरव."

पोरानं मागं जाऊन पीटीओचा शाफ्ट हातानं किंचित फिरवला. काही नाही. अजून एक नख. आत कुठंतरी खट् झालं आणि मागची दोन मोठी चाकं आपणहून चार बोटं पुढं सरकली.