मुलाच्या हाती पहिलं पुस्तक देताना

परवा दुपारी जरा पाठ टेकते न टेकते तोच शेजारच्या वहिनी दारात उभ्या. हातात एक जाडजूड, चकचकीत वेष्टणाचे पुस्तक. पंचतंत्रातल्या १०१ गोष्टी!

"ताई, तुम्ही शाळेत शिकवता म्हणून विचारते. गेल्या वाढदिवसाला एवढं हौसेने आणलं हिच्यासाठी. दुसरीत गेली, पण चार ओळींच्या पुढे जाईल तर शपथ! मोबाइल मात्र हातातून सुटत नाही. काय करावं हो या मुलीला?"

मी पुस्तक उघडले. पानभर बारीक टाइप. चार-पाच पाने उलटावीत तेव्हा एखादे चित्र. आणि पहिल्याच परिच्छेदात महिलारोप्य नगर, अमरशक्ती राजा आणि विष्णुशर्मा! सात वर्षांच्या पोरीने यातून वाट काढायची तरी कशी? पण वहिनींना मी काही बोलले नाही. कारण तीन वर्षांपूर्वी हीच चूक मी केली होती, आणि तीही स्वतः शिक्षिका असून.

बाईंचा मुलगा!

मी इथे साताऱ्यात एका प्राथमिक शाळेत अर्धवेळ शिकवते. त्यामुळे 'बाईंच्या मुलाला' लवकर वाचता आले पाहिजे, असे सगळ्यांनी, आणि सर्वांत आधी मी, धरूनच चाललेले. आमचे धाकटे चिरंजीव पहिलीत गेले तशी मी थोरांच्या चरित्रांचा एक संच आणून दिला. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक पान वाचायचे, असा नेम घातला. महिन्याभरात तो घडाघडा वाचू लागला. मला कोण अभिमान!

एक दिवस नणंद आणि तिच्या घरची मंडळी आली होती. "वाच रे, आत्याला वाचून दाखव," म्हटले. तो वाचू लागला. वाचता वाचता त्याने चुकून दोन पाने एकदम उलटली. पण तोंडातून मात्र मधल्या पानावरचा मजकूर अगदी बिनचूक चालूच! ऐकून ऐकून सारे पाठ केले होते पठ्ठ्याने. आत्याची मंडळी हसली. मी मात्र सगळ्यांदेखत त्याला फाडफाड बोलले. "शाळेतली चाळीस मुलं शिकली माझ्या हाताखाली, आणि तू लबाडी करतोस?"

रात्री तो हळूच म्हणाला, "आई, मी ढ आहे ना?"

त्यानंतर जवळजवळ चार महिने त्याने पुस्तकाला हात लावला नाही. तो संच नंतर मला गादीच्या कपाटात, पार तळाशी सापडला. लबाडी त्याची नव्हती, बायांनो. वाचता न येणारे पुस्तक मी त्याच्या हातात दिले, आणि आईचे मन राखायला त्याने ते पाठ केले होते.

आजीच्या डोळ्यांनी शिकवले

त्याच सुमारास सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यांवर ताण नको म्हणून वाचायला बंदी. शाळेच्या वाचनपेटीतली फाटकी पुस्तके चिकटवायला मी घरी आणली होती. बारा-सोळा पानांची, पानाला दोन ओळी आणि मोठे चित्र. त्यांतले एक कुत्र्याच्या पिल्लाचे पुस्तक उचलून हा आजीजवळ जाऊन बसला. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. एक-एक शब्द लावत तो वाचत होता. अडला की चित्र बघत होता आणि आजीला चित्रही सांगत होता. आजीला अक्षर दिसत नव्हते, त्यामुळे ती चुका काढू शकत नव्हती. ती फक्त विचारी, "मग? पुढे काय झालं रे बाळा?"

पुस्तक संपले तसा तो धावत आला, "आई, मी अख्खं वाचलं!"

तेव्हा मला उमगले. नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलाला थोर पुस्तक नको असते, महाग नको असते. त्याला स्वतःच्या बळावर संपवता येईल असे पुस्तक हवे असते. एक संपले की दुसरे तो आपणहून मागतो. असे पुस्तक निवडायचे कसे, ते आता सांगते.

आधी मूल कुठवर आले ते पाहा

वयावर किंवा इयत्तेवर जाऊ नका. एकाच वर्गातली दोन मुले दोन निराळ्या पायऱ्यांवर असतात. कोणी अजून 'ग म भ न'मध्ये आहे, कोणाला काना-वेलांटी कळते पण उकारात गडबड होते, कोणी जोडाक्षरांपाशी अडते. चार दिवस नुसते लक्ष ठेवा. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावे, कॅलेंडर यांतले काय काय ते आपण होऊन वाचते, ते बघा. त्यावरून अंदाज येतो.

शब्द आधी कानाला ओळखीचा हवा

आपली लिपी सरळ आहे, जसे लिहितो तसे वाचतो, असे आपण म्हणतो. पण मुलाच्या बाजूने पाहा. 'घर' हा शब्द ते 'घ' आणि 'र' असा सुटा सुटा, पूर्ण 'अ' लावून वाचते. 'अरे, हे तर आपलं घर!' हे त्याला जोडून घ्यावे लागते. 'चार चाके' या दोन शब्दांतले 'च' लिहायला सारखे, म्हणायला वेगळे. कोणता कुठे, हे अक्षर सांगत नाही, कान सांगतो. शब्द रोजच्या बोलण्यातला असेल तर मूल चटकन बरोबर उच्चार करते. नसेल तर ठेचकाळते आणि अर्थही लागत नाही.

म्हणून पहिल्या पुस्तकांत घर, आजी, मांजर, पाऊस, बाजार, भाकरी असे शब्द असावेत. राजवाडे आणि राजपुत्र नंतर. ओळखीची गोष्ट असेल तर आणखी उत्तम. चिऊ-काऊची किंवा म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट मुलाने दहादा ऐकलेली असते. त्यांत तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. पहिल्यांदा जड गेलेले वाक्य तिसऱ्यांदा आले की मूल झेप घेऊन वाचते. मात्र तोंडपाठ म्हणते की वाचते, याची शंका आली तर रागावू नका. त्यातलाच एखादा शब्द बोटाने दाखवून 'हा कुठला रे?' एवढेच विचारा.

जोडाक्षरांची धास्ती

बिनजोडाक्षरांची पुस्तके बाजारात मिळतात. सुरुवातीला ती चांगलीच. पण वाचून पाहून घ्या. मराठीत 'म्हणाला', 'त्याला', 'होत्या', 'गोष्ट', सगळ्यांत जोडाक्षर! ते टाळायला गेले की काही ठिकाणी वाक्ये अशी विचित्र होतात की घरात कोणी तसे बोलतच नाही. त्यापेक्षा नेहमीची पाच-सहा जोडाक्षरे असलेली सहज मराठी बरी. आमच्या चिरंजीवांनी पहिले जोडाक्षर वाचले ते एसटी स्टँडवर, बसच्या पाटीवरचे 'स्वारगेट'. शब्द तोंडातला होता, म्हणून 'स्व' अडला नाही.

सर्वांत जास्त छळतो तो 'र'. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'दुसऱ्या' या चार शब्दांत तो चार वेषांत येतो. पुस्तकात असे शब्द एका ओळीत दोन-तीन दिसले तर ते सहा महिन्यांनी घ्यायला ठेवा. आणखी एक. काही पुस्तकांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे छापलेले असतात. पाठ्यपुस्तकातली वळणे निराळी, त्यामुळे मूल गोंधळते. पहिल्या पुस्तकांपुरती तरी मराठी वळणाचीच अक्षरे पाहून घ्या.

दुकानात उभ्या उभ्या काय पाहाल?

साडी घेताना आपण घडी मोडून पदर बघतो ना? तसे मधलेच पान उघडा.

अक्षर मोठे आणि दोन ओळींत मोकळी जागा हवी. अक्षरे चित्राच्या गडद रंगावर छापलेली नकोत. ओळीच्या शेवटी शब्द तोडून खाली नेलेला नको, लहान मुलाला तो अर्धा शब्द जोडता येत नाही. चित्रात आणि मजकुरात मेळ हवा. मजकुरात लाल फ्रॉक आणि चित्रात निळा, असे पुस्तक खाली ठेवा. शब्द अडला की मूल चित्राकडे मदत मागते, आणि चित्रच खोटे बोलले तर त्याने कोणाकडे बघावे?

मग पान मुलाला वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्याने एक बोट मिटायचे. पान संपायच्या आत पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या कठीण. एक-दोन मिटली तर घ्यायला हरकत नाही. एकही नाही मिटले तरी घ्या! सोपे पुस्तक वाचण्यात कमीपणा नाही. पोहायला शिकणारा आधी उथळ पाण्यातच डुंबतो.

आणि दोन-तीन पुस्तकांतून शेवटची निवड मुलाला करू द्या. माझ्या पुतणीला फक्त गाड्यांची आणि किड्यांची पुस्तके हवी असत. तिची आजी नाक मुरडायची. त्याच किड्यांपायी पोरगी वाचायला शिकली.

कुठे मिळतील?

प्रथम बुक्स ही संस्था २००४ पासून मुलांची स्वस्त पुस्तके काढते. मराठीतही बरीच आहेत. त्यांवर वाचनाची पायरी छापलेली असते, एक ते चार. नवशिक्याला पायरी एक. त्यांच्याच स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून अशा गोष्टी फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. मोबाइल हातात असतोच, तर त्याचा असा उपयोग का करू नये? नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही मालाही खिशाला परवडणारी. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पाहा. 'राधाचं घर'मधली माणसे आपल्याच घरातली वाटतात. त्यांचे 'वाचू आनंदे' मात्र वाचनाला थोडी गती आल्यावर. पुढे मूल सरावले की बालभारतीचा 'किशोर' आहेच, १९७१ पासून चालू असलेला.

आमच्या जिल्ह्यात पाचगणीजवळचे भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. तिथे घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. महाबळेश्वरला जाल तेव्हा मुलांना तिथे दोन तास मोकळे सोडा. कोणते पुस्तक ती उचलतात, ते नुसते बघत बसा. वर्षभराच्या खरेदीला उपयोगी पडते.

खर्चाचेही सांगते. पातळ पुस्तक मुलाचे दोन दिवसांत संपते, हे खरे. आमच्या इमारतीत आम्ही सहाजणींनी पुस्तकांची भिशी सुरू केली आहे. दर महिन्याला प्रत्येकीने एक पातळ पुस्तक आणायचे आणि आठवड्याला ते पुढच्या घरी द्यायचे. एका पुस्तकाच्या पैशात मुलांची सहा वाचून होतात. यंदा संक्रांतीला मी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न लुटता मुलांची पुस्तके लुटली. तेवढ्याच पैशात झाले, आणि डबे तसेही आपल्याकडे काय कमी असतात?

तीन गोष्टी टाळा

एक, गोष्ट संपल्यावर 'तात्पर्य काय?' विचारू नका. दोन, प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करू नका. अर्थ बदलत नसेल तर जाऊ द्या. अडले तर मनात पाच आकडे मोजा आणि मग शब्द सांगा. तीन, पाहुण्यांसमोर वाचायला लावू नका. हे मी अनुभवाने सांगते.

एवढे करूनही मूल सारखी अक्षरे उलटसुलट करत असेल, ओळ सुटत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. नंबर नसेल तरीही अडचण राहिली, तर शाळेतल्या बाईंशी बोलून तज्ज्ञांकडे न्या. २००७ च्या 'तारे जमीं पर' या चित्रपटातला मुलगा आठवतो ना? तो आळशीही नव्हता आणि ढही नव्हता.

मग त्या जाड पुस्तकाचे काय?

वहिनींना मी म्हटले, "पंचतंत्र परत करू नका. ते तुम्ही वाचायचं आणि तिने ऐकायचं. रात्री एक गोष्ट. आणि हे पातळ पुस्तक तिने वाचायचं आणि तुम्ही ऐकायचं." घरात अशी दोन तऱ्हेची पुस्तके हवीत. मूल वाचू शकते त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट त्याला ऐकून समजते. मोठी पुस्तके आपण वाचून दाखवायची बंद केली, तर वाचायला का शिकायचे, हेच त्याला कळणार नाही.

भिशीतले मांजराचे एक पुस्तक मी त्यांना दिले. काल संध्याकाळी जिन्यातच वहिनी भेटल्या. "ताई, पोळ्या लाटताना तीनदा ऐकलं हो मी ते मांजर! चौथ्यांदा वाचायला निघाली होती."

"मग ऐकलंत ना?"

"नाही, तिला म्हटलं, बाबांना वाचून दाखव."

हेही छान झाले. तेवढेच बाबांच्याही हातातला मोबाइल बाजूला पडला असेल!