लेझर क्लीन रूममधील धुळीचा उगम कसा शोधावा?

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लेथ, वेल्डिंग, प्लेटिंगचे कारखाने दाटीने उभे आहेत. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९७५ साली येथेच तयार झाला. आज त्या जागी इस्रोची लिऑस ही प्रकाशीय उपकरणांची प्रयोगशाळा आहे. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरील लिब्ज हे उपकरण तिनेच विकसित केले.

लिब्ज लेझरचा स्पंद चंद्राच्या मातीवर मारते. तेथे प्लाझ्मा तयार होतो आणि त्याच्या प्रकाशावरून मूलद्रव्ये ओळखता येतात. हीच क्रिया भिंगावर बसलेल्या धूलिकणावर घडली तर? १० मिलिज्यूल ऊर्जा १० नॅनोसेकंदांत सोडणाऱ्या स्पंदाची शक्ती १० लाख वॅट होते. कण ती शोषून तापतो आणि भिंगावरील लेपाला खड्डा पडतो. पुढच्या स्पंदांनी तो वाढू शकतो. यान उडाल्यावर भिंग बदलता येत नाही. म्हणून धूळ नुसती पुसून भागत नाही. तिचा उगम शोधावा लागतो.

आयएसओ १४६४४-१ मानकानुसार वर्ग ७ च्या खोलीत दर घनमीटर हवेत ०.५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२,००० पर्यंत चालतात. वर्ग ५ मध्ये फक्त ३,५२०. समजा, तुमच्या खोलीची मर्यादा ओलांडली गेली. शोध पुढील क्रमाने घ्या.

१. खोली रिकामी ठेवा, हवा चालू ठेवा आणि पार्टिकल काउंटरने मोजा. आकडा जास्त आला, तर हेपा फिल्टर, त्याच्या कडेचे सील आणि खोलीचा दाब तपासा. खोलीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, तर फटींतून कारखान्यांची धूळ आत येते.

२. रिकाम्या खोलीत आकडा योग्य असेल, तर उगम कामाच्या वेळचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी उपकरणाचा पंखा, मग एक माणूस, मग दार उघडणे. वेळ आणि आकडा शेजारी शेजारी लिहा.

३. केवळ काउंटरवर विसंबू नका. स्थिर हवेत ०.५ मायक्रॉनचा वाळूचा कण १ मीटर खाली यायला सुमारे ११ तास घेतो. ५० मायक्रॉनचा पाच-सहा सेकंदांत टेबलावर बसतो आणि काउंटरला बहुधा सापडतच नाही. त्यासाठी स्वच्छ काचपट्ट्या ठिकठिकाणी २४ तास ठेवा आणि तिरप्या प्रकाशात कण मोजा.

४. कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तंतू दिसले तर कपडे किंवा पुसणी, चपटे पापुद्रे दिसले तर त्वचा, चकचकीत कीस दिसला तर धातूकाम असा संशय घ्या. एक्स-रे विश्लेषणात ॲल्युमिनियम सापडले, तर आधी खोलीतलेच स्क्रू आणि सरकते माउंट तपासा. शेजारच्या कारखान्याला दोष नंतर द्या.

वेळ, जागा आणि घटक हे तिन्ही पुरावे एकाच उगमाकडे बोट दाखवतील, तेव्हाच दुरुस्ती करा. नंतर तीच मोजणी त्याच जागी पुन्हा घ्या. आकडा उतरला नाही, तर उगम अजून सापडलेला नाही.

स्वाध्याय: काउंटरचा आकडा मर्यादेत आहे, पण काचपट्टीवर रोज कीस दिसतो. कारण काय असेल? कोणत्या पायरीपासून सुरुवात कराल?