पहिला हंगाम कोणता?

चौसाळ्यात माझे खत-बियाणांचे दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी इथल्या मुलींचा एक फुटबॉल संघ सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीसाठी बीडला गेला. सकाळच्या एसटीने गेला आणि पहिलाच सामना हरून दुपारच्या एसटीने परत आला. त्यातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी बापाबरोबर युरिया घ्यायला दुकानात आली होती. तिने मला विचारले, "काका, आता आम्ही परत कधी खेळायचं?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी." बाद पद्धतीत याहून वेगळे उत्तर नसते.

सुब्रतो चषक 1960 पासून आहे. मुलींचा गट त्यात 2012 साली आला, म्हणजे मध्ये बावन्न वर्षे गेली. हे वाचल्यावर माझ्या मनात आले, की मुलींची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा जगात प्रथम कुठे भरली असेल आणि पहिल्याच सामन्यात हरलेल्यांचे तिथे पुढे काय झाले असेल? मी महाविद्यालयात शिकलेला माणूस नाही. इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून रात्री दुकान मिटल्यावर वाचतो. या एका प्रश्नावर दोन पावसाळे गेले.

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते इंग्लंडचे, 1970-71 च्या हंगामाचे. 1969 साली तिथे महिला फुटबॉल संघटना स्थापन झाली. आर्थर हॉब्ज हे तिचे सचिव. केंट परगण्यातल्या डील या समुद्रकाठच्या गावी ते त्याआधीपासून बायकांच्या स्पर्धा भरवत होते. संघटनेने चषक सुरू केला, त्याला चेंडू बनवणाऱ्या मायटर कंपनीचे नाव दिले आणि 71 संघांनी नावे नोंदवली. त्यात स्कॉटलंडचेही संघ होते. 9 मे 1971 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर अंतिम सामना झाला. साउथॅम्प्टनने स्टुअर्टन थिसल या स्कॉटिश संघाला 4-1 असे हरवले. पॅट डेव्हिसने तीन गोल केले.

बाद पद्धतीचा हिशेब दुकानदाराला सोपा पडतो. दर सामन्यात एक संघ घरी जातो. 71 संघांतून एक उरायचा तर 70 संघांनी हरलेच पाहिजे आणि निम्म्याच्या आसपास संघ एकच सामना खेळून घरी जातात. पदरमोड करून चालवलेल्या संघटनेला हे परवडते, कारण साखळी स्पर्धेला लागणारी मैदाने, पंच आणि प्रवासखर्च तिच्याकडे नसतो. खेळणारीच्या दृष्टीने मात्र ही पद्धत फार कठोर आहे. जिला खेळायची सर्वांत जास्त गरज, तिलाच सर्वांत कमी खेळायला मिळते.

इथवर येऊन मी थांबलो असतो. पण 1971 हे पहिले नव्हे, असे पुढे ध्यानात आले.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या आणि तिथेच त्यांचे फुटबॉल संघ उभे राहिले. प्रेस्टन गावच्या डिक, कर कारखान्याचा संघ त्यांत सर्वांत गाजला. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला 53,000 माणसे आत होती आणि हजारो बाहेर राहिली. तिकिटाचा पैसा धर्मादाय कामाला गेला. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला, की हा खेळ बायकांना शोभत नाही आणि सदस्य क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. धर्मादाय पैशाच्या हिशेबाविषयीही त्यात शंका घेतली होती.

ठरावाची भाषा पुन्हा पाहावी. खेळू नका असे कुठे म्हटलेले नाही, कारण तसा अधिकारच असोसिएशनला नव्हता. तिने फक्त मैदान काढून घेतले. कुणाचा खेळ बंद पाडायचा असेल तर एवढे पुरते, हे आमच्याकडच्या कुठल्याही गावातल्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही.

त्या बायका गप्प बसल्या नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी स्वतःची संघटना काढली आणि 1922 च्या वसंतात स्वतःचा चषक खेळवला. वीसहून अधिक संघ आले. 24 जून 1922 रोजी स्टोक शहराच्या कोब्रिज भागात अंतिम सामना झाला. त्यात स्टोकच्या मुलींनी डॉनकास्टर अँड बेंटली संघाला 3-1 ने हरवले. म्हणजे 1971 च्या एकोणपन्नास वर्षे आधी विजेता होता, चषक होता, अंतिम सामनाही होता. फक्त दुसरा हंगाम झाला नाही. संघटना विरली आणि स्टोकच्या त्या अकरा जणी स्मरणातून गेल्या.

माझे मत असे, की कुठल्याही स्पर्धेला 'पहिला हंगाम' हे नाव दुसरा हंगाम देतो. 1922 ला तो मिळाला नाही, 1971 ला मिळाला. बंदी उठवण्याचा निर्णय तोवर झाला होता आणि मैदाने मोकळी होत होती. 1972 मध्ये साउथॅम्प्टन पुन्हा अंतिम सामन्यात होता, 1973 मध्येही होता आणि दोन्ही वेळा समोर स्कॉटिश संघच होता, आधी लीज लेडीज, मग वेस्टथॉर्न युनायटेड. पहिल्या वर्षी स्कॉटलंडचा संघ हरला म्हणून तिकडच्या मुली यायच्या थांबल्या नाहीत. मला यात पॅट डेव्हिसच्या तीन गोलांपेक्षा जास्त मोल वाटते.

आपल्याकडे मैदान बायकांना आधी क्रिकेटने दिले. फुटबॉलच्या लेखात क्रिकेट आणल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी, पण हा दाखला सोडवत नाही. एप्रिल 1973 मध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ किती? तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याला राष्ट्रीय म्हणणे कुणालाही हास्यास्पद वाटले असते. पण त्याच वर्षाअखेरीस वाराणसीत दुसरी स्पर्धा झाली तेव्हा आठ संघ होते आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेत चौदा. खटपट लखनौच्या महेंद्रकुमार शर्मांची. पुढे कराडच्या प्रेमलाबाई चव्हाण संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. शर्मांनी वर्षभरही वाट पाहिली नाही, आठ-नऊ महिन्यांत दुसरी स्पर्धा उरकली. पुण्याची ती तीन संघांची स्पर्धा आज 'पहिली' म्हणून ओळखली जाते, याचे श्रेय मी वाराणसीला देतो.

फुटबॉलमध्ये महिलांची भारतीय संघटना 1975 ची. 1980 साली कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपला संघ उपविजेता होता, हे आज किती जणांना माहीत असेल! क्लबांची महिला लीग मात्र 2016-17 साली आली. दिल्लीतल्या तिच्या मुख्य फेरीत सहा संघ होते आणि मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन जिंकला. सहांपैकी महाराष्ट्राचा एकच, एफसी पुणे सिटी. दुसऱ्या हंगामाच्या मुख्य फेरीत तो नव्हता आणि 2019 साली तो क्लबच बंद झाला. त्याच सहांत एक संघ हरियाणातल्या अलखपुरा गावाचा होता, अगदी गावाच्याच नावाने उतरलेला. तिथल्या शाळेच्या मैदानावर मुली कित्येक वर्षे रोज खेळत होत्या. हे वाचले त्या रात्री मी नकाशा काढून अलखपुरा शोधले. भिवानी जिल्ह्यात आहे.

आमच्या मुलींचा दुसरा हंगाम झाला नाही. पुढच्या वर्षी अकरा जणी जमल्या नाहीत. दोघींची लग्ने झाली होती. तिघींच्या घरी मुकादमाची उचल घेतलेली होती आणि आईबाप तोडीला गेले की धाकटी भावंडे आणि म्हातारी सांभाळायला त्यांनाच घरी राहायचे होते. सरावाच्या जागेवर संध्याकाळी पोरांचे क्रिकेट सुरू झाले. 'जागा देणार नाही' असे कुणीही म्हटले नाही.

यंदा जूनमध्ये क्रीडाशिक्षक नावनोंदणीचा कागद घेऊन दुकानात आले. त्यावर आठ नावे होती. मागच्या संघातल्या दोघी त्यात होत्या, युरिया न्यायला आलेली तीही. जागेचे काय, असे मी विचारले. दुकानामागची माझी अर्धा एकर पडीक जमीन आहे, तिच्यातले दगड वेचून देतो म्हणालो. शिक्षकांनी कागद टेबलावर ठेवला आणि उरलेली तीन नावे शोधायला ते वस्तीवर गेले.